शाळेच्या मागच्या अंगणातली पेटी
(पालक-सभेतील भाषणाचा मजकूर)





शिक्षक बोलायला उभा राहिला की हजेरी, गुण किंवा फी यांपैकी काहीतरी निघणार, हे आपण धरूनच चालता. आज यांपैकी एकही विषय नाही. आज मला मधमाश्यांविषयी बोलावयाचे आहे, आणि त्याला कारण घडले आहे. शाळेच्या मागे जांभळाच्या झाडाखाली जी मोकळी जागा आहे, तिचे काय करायचे हे आपल्या व्यवस्थापक मंडळाला लवकरच ठरवावयाचे आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दुचाक्यांसाठी शेड करावी, असा एक विचार आहे. ती जागा आहे तशी ठेवावी आणि तिथे मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवाव्यात, हा दुसरा विचार. दुसरा माझा आहे, हे आपण ओळखले असेलच.

मागच्या सभेनंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, आम्ही मुलाला शिकायला पाठवतो, माश्या धरायला नाही." त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. ज्यांनी स्वतः मोलमजुरी करून मुलाला वह्या घेऊन दिल्या, त्यांनी एवढे विचारायलाच हवे. तेव्हा आज त्यांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम भीतीचे बोलू. आपल्या मनात मधमाशी म्हटली की आग्या मोहोळ येते. पनवेलमध्ये आता उंच इमारती झाल्या आहेत. पूर्वी कर्नाळ्याच्या कड्यावर नाहीतर मोठ्या वडा-पिंपळावर लटकणारे आग्याचे पोळे आता सातव्या मजल्याच्या गॅलरीखाली, पाण्याच्या टाकीखाली दिसते. कोणी दगड मारतो, कोणी खाली धूर करतो, आणि मग माणसे पळत सुटतात. ही माशी आकाराने मोठी आणि तापट असते. ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, पेटीत कधीच राहत नाही आणि हंगाम संपला की आपण होऊन निघून जाते. म्हणून इमारतीवर आग्या बसला तर त्याला जाळू नका. माणसांची ये-जा नसेल तर थोडे दिवस थांबा, नाहीतर जाणकार माणसाला बोलवा.

आपल्याकडे आणखी तीन जाती आहेत. झुडपाच्या फांदीवर हाताच्या पंज्याएवढे पोळे करणारी लहान फुलोरी. भिंतीच्या किंवा खोडाच्या फटीत राहणारी, डंख नसलेली अगदी बारीक पोया. आणि चौथी सातेरी. हिची पोळी सात-आठ असतात, एकाशेजारी एक उभी टांगलेली, वहीच्या पानांसारखी. झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती राहते. अंधारात राहण्याची सवय असल्यामुळेच ती लाकडी पेटीत रमते. शाळेत ठेवावयाची ती हीच, आपल्या मातीतली सातेरी. परदेशातून आणलेली मेलिफेरा जातीची माशी मध जास्त देते. परंतु तिला फुलोरा लागतोही जास्त, आणि आपल्याला कारखाना काढावयाचा नाही.

ही पेटी म्हणजे खोका नव्हे. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे गृहस्थ शिक्षकही होते, हे मी मुद्दाम सांगतो. दोन वस्तूंमध्ये सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी जागा सोडली तर माश्या ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. जागा त्याहून कमी असेल तर त्या ती चिकटद्रव्याने बुजवतात, जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. एवढ्या एका निरीक्षणावर चौकटींची पेटी उभी राहिली. चौकट उचलावी, पाहावी, परत ठेवावी. पोळे मोडावे लागत नाही, पिल्ले मरत नाहीत. आपल्या लहान सातेरीला बेतशीर अशी पेटी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेत रेव्हरंड न्यूटन यांनी तयार केली, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रात या कामाचे घर महाबळेश्वर. तेथे खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे छोटे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. देशातले ते पहिले. तिथल्या बहुतेक घरांत मधमाशीपालन चालते. मांघरला जे जमते ते सगळे पनवेलला जमेल, असे मी म्हणणार नाही. त्यांच्याभोवती जंगल आहे, आपल्याभोवती काय आहे हे पुढे सांगतो.

आता शाळेत काय घडले ते ऐका. गेल्या वर्षी नोव्हेंबरात आपण नववीच्या वर्गासाठी एक पेटी ठेवली. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मुलांचे चार-चारचे गट केले. प्रत्येक गटाला आठवड्यातून एकदा पाळी. पेटी उघडायची ती मी किंवा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी. मुलांनी जाळी घालून बाजूला उभे राहावे आणि वहीत लिहावे. तारीख, वेळ, आभाळ कसे आहे, दारातून एका मिनिटात किती माश्या आत आल्या, त्यांतल्या किती जणींच्या पायांवर परागाचे गोळे होते, गोळ्यांचा रंग कोणता.

मी बी. ए. झालेला माणूस, मराठी आणि इतिहास शिकवतो. मला वाटले होते, दोन आठवड्यांत मुले कंटाळतील. कंटाळली नाहीत. सकाळी माश्यांची वर्दळ मोठी आणि दुपारी मंद, हे त्यांनी मोजून काढले. मग 'का?' हा प्रश्न आला. एका मुलीने सुचवले की दुपारी फुलांतला रस आटत असेल. दुसरी म्हणाली, उन्हामुळे माश्या पाणी आणायला जात असतील. दोघींनी मिळून पेटीपासून थोड्या अंतरावर पाण्याची पसरट थाळी ठेवली, माश्या बुडू नयेत म्हणून तीत खडे टाकले, आणि मोजणी पुन्हा सुरू केली. पुस्तकातल्या कुठल्याही प्रयोगासाठी या मुली दुपारच्या सुट्टीत थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

एका मुलाने विचारले, "सर, राणीला हुकूम कोण देतं, आणि राणी कोणाला देते?" खरे उत्तर असे की, कोणी कोणाला देत नाही. राणीचे काम अंडी घालणे. तिच्या अंगच्या गंधावरून घरात राणी आहे एवढे बाकीच्यांना कळते. अंडी घालण्यापूर्वी कोठडी साफ करणे, पिल्लांना भरवणे, मेण काढणे, दारावर पहारा देणे, आणि शेवटी बाहेर जाऊन रस आणणे, ही कामे कामकरी माशी वयाप्रमाणे एकामागून एक करत जाते. कामकरी सगळ्या माद्या. बाहेरचे काम आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, कारण त्यात धोका जास्त. हे ऐकून वर्गातल्या मुलींनी एकमेकींकडे पाहून जे हास्य केले, त्याचा अर्थ घरोघरच्या आयांना मी सांगायला नको.

भूमितीचे उदाहरण देतो, कारण गणिताचे नाव काढले की पालकांचा चेहरा जरा खुलतो. मुलांना १२ सेंटिमीटर दोरा दिला. त्याचा समभुज त्रिकोण करा, चौरस करा, षट्कोन करा आणि आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजा. त्रिकोणात भरतात सुमारे ७ चौरस सेंटिमीटर, चौरसात ९, षट्कोनात १० पेक्षा थोडे अधिक. दोरा तेवढाच, म्हणजे मेण तेवढेच. पण मध मावतो जास्त. वर्तुळात आणखी मावेल, हे खरे. मात्र वर्तुळे शेजारी शेजारी ठेवली की मध्ये फटी राहतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या पॅपस याने हे लिहून ठेवले होते. पण सर्व आकारांत षट्कोनच सरस, याची पक्की गणिती सिद्धता टॉमस हेल्स यांनी दिली ती १९९९ साली. म्हणजे मुलांनी दोऱ्याने जे चाचपले, त्यासाठी गणितज्ञांना केवढा काळ लागला पाहा.

आणि भाषा? नोंदवहीतले मराठी मी तपासतो. 'माश्या खूप होत्या' असे लिहिले की मी लाल शाईने 'खूप म्हणजे किती?' असे लिहितो. निबंधात जे वर्षभर जमले नव्हते ते इथे तीन महिन्यांत जमले.

आपल्याच जिल्ह्यात अलिबागजवळ किहीमला १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांपाशी ठाण मांडून, रोजच्या रोज नोंदी करून त्यांच्या संसाराचा छडा लावला. एक नर एकापाठोपाठ एक घरटी बांधतो आणि प्रत्येकात वेगळी मादी नांदते, ही गोष्ट तोवर नीट कोणाला ठाऊक नव्हती. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. होती ती चिकाटी आणि नोंदवही. कर्नाळ्याला १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, आपल्या शाळेपासून एस. टी.ने जाता येते. तरी आपली किती मुले तिथे गेली आहेत, हे मी हात वर करायला सांगून विचारत नाही.

हाताने काम करणे हे शिक्षणात कमीपणाचे, ही समजूत आपल्या समाजात फार खोल आहे. आपलेच लोक गवंडी, सुतार, खलाशी, मेकॅनिक म्हणून आखातापर्यंत नाव काढून आले. आणि तेच आपल्या मुलाच्या हाताला माती लागू देत नाहीत. त्यामागचे दुःख मला कळते. पण एक नाव आठवावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, आणि हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा आराखडा ज्या समितीने तयार केला तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिलियाचे कुलगुरू, पुढे १९६७ साली देशाचे राष्ट्रपती. त्यांच्या समितीने एक इशाराही दिला होता: कामातून पैसा मिळवण्याकडे लक्ष गेले तर शिक्षण बाजूला पडेल. तो इशारा मी या पेटीला लागू करतो. गेल्या एप्रिलमध्ये जो मध निघाला तो जेमतेम दीड किलो. तो विकला नाही. प्रत्येकाने एकेक चमचा चाखला, आणि चाखण्याआधी प्रत्येकाला सांगितले की एक कामकरी माशी आपल्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा हिस्सा मध करते. चमचे बराच वेळ तोंडाकडे गेले नाहीत.

दूर जायला नको. आपल्याच तालुक्यात, महामार्गावर तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटरचे काम पाहा. तेलघाणी, साबण असले ग्रामोद्योग तिथे चालतात आणि शिक्षणाचेही काम चालते. 'छोडो भारत' ही घोषणा ज्यांनी सुचवली, जे १९४२ साली मुंबईचे महापौर होते, त्यांच्या नावाने. एक सहल तिकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे.

कुरआन शरीफची सोळावी सूरत मधमाशीच्या नावाची आहे, अन्-नहल, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवलेले असते. परंतु त्या नावाची माशी प्रत्यक्ष काय करते हे पाहिलेला मुलगा माझ्या वर्गात एकही नव्हता. याहून जास्त त्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ते मौलानासाहेबांनी सांगावे.

आता ज्याची सर्वांना धास्ती आहे ते. माशी चावते का? होय, चावते. गेल्या वर्षी तिघांना डंख झाला, त्यांतला एक मी. सातेरीचा डंख दुखतो, थोडी सूज येते आणि बहुधा दुसऱ्या दिवशी उतरते. काटा आत राहिला तर नखाने खरवडून ताबडतोब काढावा, त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी. डंखाबरोबर जो गंध सुटतो तो पिकलेल्या केळ्यासारखा असतो आणि इतर माश्यांना तो धोक्याची सूचना देतो; म्हणून डब्यात केळे असेल त्या दिवशी पेटीजवळ जायचे नाही, हा आमचा नियम. मुलांना तो सगळ्यांत आवडतो. तीव्र अत्तर लावूनही जायचे नाही.

काही थोड्या माणसांना मात्र डंखाचे वावडे असते. ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास लागणे, चक्कर येणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. त्या क्षणी दवाखाना गाठावा. असा त्रास ज्यांच्या घरात पूर्वी कोणाला झाला आहे, त्यांनी मुलाला पेटीच्या गटात घालू नये. त्या मुलांना नकाशाचे काम देऊ, ते कमी महत्त्वाचे नाही.

मधाविषयी दोन शब्द, कारण आई-बहिणी बसल्या आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यात एका जंतूचे बीज असू शकते, मोठ्यांना ते काही करत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करते. रीत कितीही जुनी असो, बालरोगतज्ज्ञांचे सांगणे असेच आहे. दुसरे, बाटलीतला मध थंडीत रव्यासारखा गोठला म्हणजे तो साखरेचा, असे नव्हे. चांगला मधही गोठतो. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून पारख करतात, तीही भरवशाची नाही. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने बाजारातले मध तपासले, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांतून सुटणाऱ्या साखरेच्या पाकाची भेसळ कित्येक नमुन्यांत निघाली. प्रयोगशाळेला जे कठीण जाते ते आपल्या काडीला कळेल कसे?

आणि आता, जे सांगायला मी खरे म्हणजे उभा आहे ते. या ऑगस्टमध्ये आपली पेटी रिकामी झाली. माश्या सोडून गेल्या. एका सोमवारी मुले आली तो दारावर कोणी नाही, आत मेणकिड्याची जाळी आणि दोन-चार मेलेल्या माश्या. काही मुली रडल्या. एका पालकांनी तर 'चला, पीडा गेली' असे म्हटले. परंतु नववीचा तो वर्ग (आता दहावीत आहे) नोंदवही घेऊन बसला. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात चारा शोधते. मुलांनी शाळेभोवतीचा तेवढा नकाशा काढला होता, कुठे जांभूळ, कुठे शेवगा, कुठे नारळ, कुठे चिंच, आणि कोण कधी फुलते. मार्च-एप्रिलचे रकाने भरून गेले होते. जुलै-ऑगस्टचे रकाने जवळजवळ कोरे होते. एरवी या दिवसांत वाडीत काकडी, भोपळा, घोसाळी, माळावर तीळ फुललेला असतो. आमच्या नकाशात त्या जागी घरे, रस्ते आणि पत्रे होते. त्यात पाऊस आठ-आठ दिवस उघडीप देईना. साखरेचा पाक दिला होता. पण त्यात पराग नसतो, आणि परागाशिवाय पिल्ले वाढत नाहीत. वस्ती अशक्त झाली की मेणकिडा शिरतो, आणि मग सातेरी घर सोडते.

मुलांनी हे स्वतः शोधून काढले. 'पर्यावरण' हा शब्द असलेला एक धडा त्यांच्या पुस्तकात आहे; तो शिकवताना मला जे पटवता आले नाही ते त्या कोऱ्या रकान्यांनी पटवले. १९७० साली सिडको आली, २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. याने पोटापाण्याची सोय झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यातलेच कित्येक तिथे नोकरीला आहेत. परंतु भोपळ्याच्या मादीफुलावर नरफुलाचा पराग कोणीतरी नेऊन टाकावा लागतो. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे बीसुद्धा माश्यांच्या येण्याजाण्यावरच धरते. ती येणारी-जाणारी उपाशी राहिली तर पुढचे काय ते शेतकऱ्याला विचारा.

तेव्हा माझी मागणी पेट्यांची नंतर, जमिनीची आधी. जांभूळ राहू द्या. त्याखालची माती उघडी राहू द्या. कुंपणाला घोसाळी, दोडका, भोपळा चढवू. कडेने शेवगा, कढीपत्ता, तुळस लावू. औषधफवारणी करणार नाही. शेजारच्या सोसायट्यांना मुले पत्रे लिहिणार आहेत की फवारणी करणे भागच असेल तर फुलांवर करू नये आणि संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करावी. पुढच्या पावसाळ्यात नकाशाचे कोरे रकाने भरले, तरच त्यानंतरच्या नोव्हेंबरात पेट्या आणू. न भरले तर आणणार नाही, कारण चारा नसलेल्या जागी पेटी ठेवणे म्हणजे रानातल्या माश्यांच्या तोंडचाही घास काढणे. पहिले वर्ष नुसते लावण्याचे आणि लिहिण्याचे जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सांगितले आहे. ते आपण इथेच, या अंगणात घालवू.

यातून नोकरी मिळेल का, हा प्रश्न राहिला. दोन पेट्यांवर कोणाचे घर चालत नाही. कोणाला पुढे हा धंदा करावासा वाटलाच, तर महाबळेश्वर आणि पुणे येथे प्रशिक्षण मिळते; पत्ते माझ्याकडे आहेत.

दुचाक्यांचे काय, असे मागून कोणीतरी आत्ताच विचारले. दर्शनी फाटकाच्या डाव्या बाजूला, जुन्या पाणपोईजवळ वीस गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आहे. दहावीच्या मुलांनी ती टेपने मोजली आहे. आराखडा कार्यालयाच्या फलकावर लावला आहे, जाताना पाहून जावे. संमतिपत्रे वर्गशिक्षकांकडे ठेवली आहेत. त्यात वावड्याचा रकाना आहे, तो रिकामा सोडू नये. आणि ज्यांच्या घरी घोसाळ्याचे किंवा दुधी भोपळ्याचे गावठी बी असेल, त्यांनी मूठभर मुलाबरोबर पाठवावे. पाकिटावर वाण आणि गाव लिहावे.